खड्याची किंमत

२६ ऑगस्ट १९२८. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावातल्या वेलमेडो कॅफेत मे डोनह्यू नावाची बाई एका मैत्रिणीबरोबर बसली होती. मैत्रिणीने तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. नावात बिअर असली तरी हे आल्याचं, सोड्यासारखं पेय. बाटली गडद काचेची होती, आतलं काही दिसत नव्हतं. थोडी पिऊन झाली, उरलेली पेल्यात ओतली, आणि मे डोनह्यूच्या म्हणण्याप्रमाणे त्यातून एक कुजलेली गोगलगाय बाहेर आली. बाई आजारी पडली.

आता दावा कुणावर लावायचा? बाटलीचे पैसे मैत्रिणीने दिले होते, त्यामुळे कॅफेवाल्याशी मे डोनह्यूचा व्यवहारच नव्हता. बाटली भरणाऱ्या डेव्हिड स्टीव्हन्सनशी तर नव्हताच. तिच्या वकिलाने काही आठवड्यांपूर्वीच अशाच पेयात सापडलेल्या उंदराचा खटला हरला होता. तरीही त्याने हा लढवला. खटला लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, तेव्हा आपल्याकडे पाच पौंडसुद्धा नाहीत असं मे डोनह्यूला लिहून द्यावं लागलं. २६ मे १९३२ला तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला: माल बनवणाऱ्याची जबाबदारी थेट तो खाणाऱ्यापिणाऱ्याशी असते, मधे कितीही दुकानं असोत.

कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा खटला पाठ असतो. मला त्यात बाटली महत्त्वाची वाटते. न्यायाधीशांच्या युक्तिवादाचा एक खांब असा होता, की माल कारखान्यातून बंद होऊन निघतो आणि मधे कुणालाही आत डोकावता येत नाही. म्हणून जबाबदारी शेवटचं आत बघणाऱ्याची. आणि हे बोललं जात होतं तेव्हा बंद वस्तूच्या आत बघायची युक्ती सापडून छत्तीस वर्षं झाली होती.

मी सांगली जिल्ह्यात बेदाण्याच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. गेल्या वर्षी एक्स-रे मशीनसाठी बजेटचा प्रस्ताव लिहायचं काम माझ्याकडे आलं. फॉर्मवर ‘गरज का आहे’ असा एक रकाना असतो, तीन ओळींचा. त्या तीन ओळी भरायच्या म्हणून मी वाचायला लागलो आणि वाचतच गेलो. प्रस्तावात जे मावलं नाही ते इथे लिहितोय.

८ नोव्हेंबर १८९५ला जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म राँटजेनला हे किरण सापडले. २२ डिसेंबरला त्याने बायकोच्या, अॅना बर्थाच्या, हाताचं छायाचित्र घेतलं. बोटांची हाडं आणि अंगठी. १९०१ सालचं पदार्थविज्ञानाचं पहिलं नोबेल त्याला मिळालं. पेटंट त्याने घेतलं नाही, त्यामुळे यंत्रं कुणीही बनवू शकत होतं. १९१३मध्ये विल्यम कूलिजने भरवशाची ट्यूब तयार केली. १९२०च्या दशकात तर अमेरिका-युरोपात चपलांच्या दुकानात एक्स-रे पेटी आली. पोराने नवा बूट घालून पेटीत पाय घालायचा आणि वरच्या भिंगातून आपली बोटं बुटात हलताना बघायची. १९५०च्या दशकापर्यंत हा खेळ चालला, नंतर किरणांच्या धोक्यामुळे बंद पाडावा लागला.

म्हणजे बुटाच्या आत बघितलं गेलं, बाटलीच्या आत नाही. का?

एक कारण डोळ्यांचं. तेव्हाच्या पडद्यावरची आकृती फिकट असायची, अंधारात बसून बघावी लागायची. दिवसाला एक पाय बघणं वेगळं आणि मिनिटाला शंभर बरण्या बघणं वेगळं. ज्यांनी घरात आजीला तांदूळ निवडताना बघितलंय त्यांना सांगायला नको. पहिलं ताट झाल्यावर खडा आणि कणी सारखीच दिसायला लागते. दुसरं कारण हिशोबाचं. एखाद्याच्या दाताखाली खडा आला तर त्याची किंमत कोण मोजणार, हे ठरलेलं नव्हतं. मे डोनह्यूच्या निकालाने ती कारखानदाराने मोजावी असं ठरलं, पण एका गिऱ्हाइकाला, एका वेळी, तेही तो कोर्टात गेला तर. तिला स्वतःला मिळाले तडजोडीचे २०० पौंड. मागितले होते ५००. बाटलीत गोगलगाय खरंच होती का, हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही.

या हिशोबाला पहिला धक्का बसला तो अंतराळातून. १९५०चं दशक संपता संपता नासाला अंतराळवीरांसाठी खाणं हवं होतं आणि काम मिळालं पिल्सबरी या पीठवाल्या कंपनीला. तिथल्या हॉवर्ड बाउमनच्या गटाला लवकरच एक विचित्र अडचण दिसली. खाणं शंभर टक्के सुरक्षित आहे हे तयार मालाच्या तपासणीने सिद्ध करायचं तर जवळजवळ सगळा माल तपासणीतच संपवावा लागत होता. उरणार काय, थोडे घास. मग त्यांनी उलटा विचार केला: माल तपासत बसण्यापेक्षा घाण कुठल्या पायरीवर शिरू शकते ते शोधा आणि त्या पायरीवर पहारा बसवा. यातूनच पुढे हॅसेप नावाची पद्धत आली. आज कुठल्याही खाद्य कारखान्याच्या भिंतीवर तिचा तक्ता लटकलेला दिसेल.

पण गंमत बघा. ही पद्धत अंतराळवीरांसाठी होती, गिऱ्हाइकांसाठी नव्हती. १९७१मध्ये पिल्सबरीच्याच फरिना या लहान मुलांच्या खाण्यात काचेचे तुकडे निघाले. माल बाजारातून परत बोलवावा लागला. त्यानंतर बाउमनची पद्धत कंपनीच्या रोजच्या कारखान्यांत आली, आणि त्याच वर्षी डेन्व्हरच्या अन्नसुरक्षा परिषदेत ती जगापुढे मांडली गेली. चंद्रावर जाणाऱ्यासाठी जी काळजी घेतली जात होती ती पाळण्यातल्या बाळापर्यंत पोचायला दहाएक वर्षं आणि काच लागली.

दुसरा धक्का गर्बर या बेबीफूडच्या कंपनीचा. १९८४मध्ये काचेच्या तक्रारी आल्यावर तिने फळांच्या रसाच्या पाच लाखांहून जास्त बाटल्या परत बोलावल्या. १९८६मध्ये पुन्हा तक्रारी आल्या, या वेळी अमेरिकेच्या अनेक राज्यांतून. कंपनीने माल परत घ्यायला साफ नकार दिला. मेरीलँड राज्याने एका प्रकारच्या बरण्या दुकानांतून काढायला लावल्या, तर कंपनीने राज्यावरच दावा ठोकला. सरकारी अन्न विभागाने हजारो न उघडलेल्या बरण्या तपासल्या आणि आरोग्याला धोका होईल असं काही सापडलं नाही म्हणून सांगितलं. कंपनी बहुधा बरोबर होती. पण घाबरलेल्या आईला तसं सांगून भागत नाही. ‘आमच्या मालात काच नाही’ या वाक्यामागे प्रत्येक बरणीची नोंद नव्हती.

इथे माझं मत सांगून टाकतो. एक्स-रे मशीन खडा काढायला घेतात असं सगळे समजतात. माझ्या मते ते मुख्यतः नोंद ठेवायला घेतलं जातं. अमुक तारखेला, अमुक वाजता, हे पाकीट बघितलं आणि त्यात काही नव्हतं, याचा फोटो.

आणि नोंदीला पैशाची किंमत आली ती १९९०मध्ये, ब्रिटनच्या अन्नसुरक्षा कायद्याने. त्याआधी दुकानदार पुरवठादाराची लेखी हमी दाखवून सुटू शकत होता. नव्या कायद्यात हमीचा कागद पुरेसा राहिला नाही. आपण शक्य ती सगळी काळजी घेतली होती, हे आरोपीने स्वतः सिद्ध करायचं. झालं. मोठ्या सुपरमार्केटनी पुरवठादारांना विचारायला सुरुवात केली: तुम्ही नक्की काय करता ते दाखवा. १९९८मध्ये ब्रिटिश किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेने पुरवठादारांसाठी स्वतःचं मानकच काढलं.

तोवर यंत्रही तयार झालं होतं. विमान अपहरणांच्या भीतीने अमेरिकेत १९७३पासून प्रवाशांच्या सामानाची सक्तीची तपासणी सुरू झाली, आणि बॅग पट्ट्यावरून सरकते आणि आतलं दिसतं हे लोकांच्या सवयीचं झालं. पुढे संगणक स्वस्त झाले आणि माणसाच्या डोळ्याची गरज संपली. पट्ट्याखाली डिटेक्टरची एक बारीक ओळ असते. पाकीट वरून सरकतं तशी ओळीमागून ओळ चित्र बनत जातं. दाट वस्तू किरण जास्त अडवते, म्हणून काळी दिसते. पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट दाट, काच अडीचपट. संगणकाला काळा ठिपका दिसला की हवेचा झोत किंवा ढकलणारा दांडा ते पाकीट खड्यासारखं बाजूला काढतो, इथे अगदी शब्दशः.

यातच मशीनची मर्यादाही आली. मेटल डिटेक्टरला दगड-काच कळत नाही आणि अॅल्युमिनियमच्या पाकिटापुढे तो गोंधळतो. एक्स-रेला हे जमतं. पण केस, दोरा, काडी, कागद, पातळ प्लास्टिक त्याला दिसत नाही. काचेच्या बरणीत काच शोधायची तर बुडाशी आणि कडेला बरणीचीच सावली आड येते. मे डोनह्यूच्या बाटलीतली गोगलगाय त्याला दिसली असती का? शंख कदाचित. अंग नाही.

‘मग बेदाणा रेडिएशनचा होणार का?’ हा प्रश्न मला आमच्याच पॅकिंगमधल्या एका मावशींनी विचारला. रास्त प्रश्न. युरोपात तपासणीच्या अशा किरणांना अर्ध्या ग्रेची कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष मशीन त्याच्या खूपच खाली चालतं. आपल्या लासलगावच्या केंद्रात अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर कीड मारण्यासाठी किमान ४०० ग्रे देतात, आणि तोही आंबा लोक आवडीने खातात. मावशींना मी आकडे सांगितले. त्यांचा दुसरा प्रश्न होता, ‘मग आमचं काय?’ निवडीच्या टेबलावर त्या गेली कित्येक वर्षं बसतात. काड्या मशीनला दिसत नाहीत, म्हणून निवड राहणार, असं मी म्हणालो. ते खरं होतं. किती जणींची निवड राहणार, ते माझ्या हातात नव्हतं.

आता फॉर्मकडे येतो. मशीनची किंमत मेटल डिटेक्टरच्या काही पट असते, पण ती एकच ओळ. खाली लपलेल्या ओळी जास्त त्रासदायक. ट्यूब बल्बसारखी असते, तासांवर आयुष्य, मग नवी. डिटेक्टरही झिजतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये शेड तापते, तेव्हा मशीन थंड ठेवायची सोय वेगळी. पोलाद, काच आणि सिरॅमिकच्या गोळ्या बसवलेली चाचणीची कार्डं, दर थोड्या वेळाने पट्ट्यावरून धाडायची, त्याचा माणूस. अणुऊर्जा नियामक मंडळाकडची परवानगी आणि कागदपत्रं. चांगलं पाकीट चुकून बाहेर टाकलं जातं त्याचं नुकसान. तोंडाशी शिशाचे पडदे असतात, हलकी पाकिटं त्यांना अडकतात, मग कुणीतरी पडदा वर खोचून ठेवतं. तसं होऊ नये म्हणून प्रशिक्षण.

दुसऱ्या बाजूला काय मांडायचं? आपला अन्नसुरक्षा कायदा २००६चा, त्याचे नियम २०११पासून लागू. कलम ५४ प्रमाणे अन्नात बाहेरची वस्तू सापडली तर दंड एक लाख रुपयांपर्यंत. कलम ६५ प्रमाणे मृत्यू झाला तर भरपाई किमान पाच लाख, गंभीर इजा झाली तर कमाल तीन लाख. शक्य ती काळजी घेतल्याचा बचाव आपल्याही कायद्यात आहे, कलम ८०मध्ये. हे आकडे एक्सेलमध्ये टाकले तर मशीन कधीच परवडत नाही. युरोपच्या गिऱ्हाइकाचा एक कंटेनर नाकारला गेला तर किती, हा आकडा टाकला की लगेच परवडतं.

आणि प्रस्ताव तसाच मंजूर झाला. मशीन आलं, निर्यातीच्या पट्ट्यावर बसलं. सकाळच्या पाळीत युरोपचा माल त्याच्यातून जातो. संध्याकाळी आपल्या बाजारात जाणारी पाकिटं भरली जातात, बाजूच्या पट्ट्यावर, मेटल डिटेक्टरमधून. बेदाणा त्याच रॅकवर वाळलेला, तीच धूळ, तेच बारीक खडे. त्या वेळी एक्स-रे बंद असतो. ट्यूबचे तास वाचतात.

या वर्षीच्या फॉर्ममध्ये मी संध्याकाळच्या पाळीची ओळ घातली आहे. दोन्ही पट्टे मशीनआधी एकत्र आणायचा खर्च, जादा चालणाऱ्या तासांमुळे लवकर बदलावी लागणारी ट्यूब, वीज आणि एक माणूस. बेरीज दिवाळीच्या भेटवस्तूंच्या ओळीपेक्षा कमी आली. फायनान्सच्या साहेबांनी फाईल परत पाठवली, पेन्सिलीने एकच प्रश्न लिहून: ‘हे कायद्याने सक्तीचं आहे का?’

मी त्याखाली ‘नाही’ लिहिलं, गेल्या वर्षीच्या देशी मालाच्या तक्रारींची वही जोडली आणि फाईल पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.