कमलाबाई गोखले : भारतीय पडद्यावरील आद्य बालनटी

भारतीय चित्रपटाच्या इतिहासलेखनात ‘पहिला’ व ‘पहिली’ या विशेषणांचा वापर विपुल आहे. पहिला चित्रपट, पहिली नटी, पहिला बोलपट अशा नोंदींनी कालपट आखण्यास मदत होते, हे खरे. परंतु जिच्या नावापुढे असे विशेषण लागते, ती व्यक्ती पुष्कळदा त्या एका वर्षातच गोठून राहते. कमलाबाई गोखले यांच्या बाबतीत नेमके असेच घडले आहे. १९१३ मधील ‘मोहिनी भस्मासुर’ या मूकपटातील मोहिनी एवढीच त्यांची ओळख बहुतेक ग्रंथांतून आढळते. वस्तुतः त्यानंतरची सहा दशकांहून अधिक काळाची त्यांची कारकीर्द हाच अभ्यासाचा खरा विषय होय.

प्रथम पार्श्वभूमी ध्यानात घ्यावयास हवी. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी प्रदर्शित झाला. त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती आणि रोहिदासाचे काम फाळक्यांचे पुत्र भालचंद्र यांनी केले होते. स्त्रीभूमिकेसाठी स्त्री मिळविण्याचे फाळक्यांचे सर्व प्रयत्न निष्फळ ठरले होते. मराठी संगीत रंगभूमीवर त्या काळी बालगंधर्वांचा उदय झालेला होता. पुरुषाने स्त्रीभूमिका करणे हाच तेथील शिष्टसंमत प्रघात होता. फाळक्यांनी नाशिकला बिऱ्हाड हलविल्यावर ‘मोहिनी भस्मासुर’ हाती घेतला आणि त्यात प्रथमच स्त्रिया पडद्यावर आल्या. पार्वतीच्या भूमिकेत दुर्गाबाई कामत व मोहिनीच्या भूमिकेत त्यांची कन्या कमला. कन्येचे वय तेव्हा तेरा वर्षांच्या आसपास होते.

मायलेकींचा हा पडद्यावरील प्रवेश धाडस म्हणून वर्णिला जातो. तो धाडसाचा होताच; पण त्यामागे निर्वाहाचा प्रश्न होता. दुर्गाबाई पतीपासून विभक्त झाल्या होत्या आणि कन्येसह फिरत्या नाटक मंडळीत दाखल झाल्या होत्या. एकट्या स्त्रीस प्रतिष्ठेने पोट भरण्याचे मार्ग त्या काळी अत्यल्प होते. रंगभूमीचा मार्ग पत्करल्यामुळे समाजाचा रोषही त्यांना सोसावा लागला. कमला अगदी अजाण वयापासून रंगमंचावर वावरत होती. तिचे शिक्षण मंडळीच्या मुक्कामांतच झाले. सारांश, फाळक्यांच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली मुलगी नवशिकी नव्हती. रंगमंचावर अनेक वर्षे काम केलेली ती कलावती होती.

येथे संज्ञेचा विचार उद्बोधक ठरतो. ‘बालनटी’ हा वर्ग १९१३ साली भाषेत रूढ नव्हता. नाटक मंडळ्यांतील मुलग्यांसाठी ‘मास्टर’ हे उपपद होते आणि ते इतके दृढ होते की प्रौढपणीही सुटत नसे. मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव व मास्टर विनायक ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. मुलींसाठी तत्सम उपपद नव्हते, कारण प्रतिष्ठित मंडळ्यांत मुलींना स्थानच नव्हते. पुढे बोलपटाच्या काळात ‘बेबी’ हे उपपद प्रचारात आले. ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’ (१९४४) मधील बेबी शकुंतला, तसेच मास्टर विनायकांची कन्या बेबी नंदा, ही नावे सर्वपरिचित आहेत. कमलेच्या वाट्याला मात्र इतिहासात ‘बाई’ हाच प्रत्यय आला. तेरा वर्षांची मुलगी नोंदींत कमलाबाई म्हणूनच उभी राहते. त्या प्रत्ययात आदर आहे. परंतु तिचे बालपण त्याखाली झाकले जाते, हेही नाकारता येत नाही.

मूकपटाने तिच्याकडून नृत्य व मुद्राभिनय एवढेच घेतले. नाटक मंडळीत मात्र उपजीविकेचे मुख्य साधन होते ते गळा आणि वाणी. त्यामुळे चित्रपटातील पदार्पणानंतर कमलाबाई रंगभूमीवरच राहिल्या, यात आश्चर्य नाही. रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह लहान वयातच झाला. रघुनाथराव स्वतः गायक नट होते. पतीच्या अकाली निधनाच्या वेळी कमलाबाई पंचविशीच्या आसपास होत्या. तीन मुलांच्या पालनपोषणाचा भार त्यांच्या एकटीवर पडला. त्यांनी नाटके चालू ठेवली, प्रसंगी पुरुषभूमिकाही केल्या. पुरुषांनी स्त्रीपार्टी म्हणून गाजविलेल्या रंगभूमीवर एका स्त्रीने पुरुषवेश धारण करून संसार चालवावा, हा विपर्यास लक्षणीय आहे. पुढे बोलपटांतही त्यांनी कामे केली. त्यांच्या चित्रपटांची संख्या सुमारे ३५ सांगितली जाते. थोरल्या मातेचाच कित्ता या कन्येने गिरविला असे म्हणता येईल : दोघींनीही एकटीने मुले वाढविली आणि दोघींनीही ती रंगभूमीच्या आधारे वाढविली. पुत्रांपैकी चंद्रकांत गोखले नट म्हणून, तर लालजी व सूर्यकांत तबलावादक म्हणून पुढे आले. नातू विक्रम गोखले (१९४५–२०२२) यांच्यापर्यंत ही परंपरा पोहोचली.

कमलाबाईंच्या शेजारी दुसरे एक नाव ठेवून पाहणे आवश्यक आहे. फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) व ‘कालियामर्दन’ (१९१९) या चित्रपटांत बाळकृष्णाची भूमिका केली. ‘कालियामर्दन’च्या आरंभी या सुमारे सात वर्षांच्या मुलीचा चेहरा जवळून दाखविलेला असून ती एकामागून एक भाव प्रकट करते, त्यानंतर ती कृष्णाच्या वेशात दिसते. नट निराळा व पात्र निराळे, ही जाणीव प्रेक्षकास करून देणारा हा प्रारंभ त्या काळाच्या मानाने विलक्षण आहे. ‘कालियामर्दन’चा बराचसा भाग उपलब्ध आहे, ‘मोहिनी भस्मासुर’ मात्र नष्ट झाला. एका मुलीची प्रतिमा राहिली, पण तिची वाणी इतिहासात आली नाही. दुसरीचे त्या वयातील चित्रण लोपले, परंतु उत्तरायुष्यात ती स्वतः बोलली. रीना मोहन यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी केलेल्या ‘कमलाबाई’ या माहितीपटात वृद्ध कमलाबाई आपल्या शब्दांत आपले आयुष्य सांगतात. त्यामुळे साधनांच्या दृष्टीने या दोघी परस्परपूरक ठरतात.

कायद्याच्या इतिहासाचाही येथे संबंध पोहोचतो. १८८१ व १८९१ च्या कारखाना कायद्यांनी गिरण्यांतील मुलांचे किमान वय अनुक्रमे सात व नऊ असे ठरविले होते. रंगमंच व कॅमेरा यांना ते कायदे लागू नव्हते; तेथे मूल कामगार मानलेच जात नव्हते. मुलींच्या विवाहास चौदा वर्षांची मर्यादा घालणारा सारडा कायदाही १९२९ चा. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा कोठे बालकलावंतांच्या कामास अटी लागू झाल्या. त्यानंतरच्या नियमांनुसार दिवसाकाठी पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही आणि उत्पन्नाचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. पहिल्या बालनटीपासून या तरतुदीपर्यंत एक शतक लोटले.

कमलाबाईंचा अखेरचा चित्रपट ‘गहराई’ (१९८०). त्यातील मध्यवर्ती भूमिका किशोरवयीन पद्मिनी कोल्हापुरे यांची होती. त्याही बालपणापासून पडद्यावर वावरलेल्या. १९१३ ची मोहिनी आणि १९८० ची ही मुलगी एकाच चित्रपटात आल्या, ही केवळ योगायोगाची बाब असली तरी कालपटाची लांबी तिच्यावरून मोजता येते.

या चरित्राचा निष्कर्ष असा की बालनटीचा अभ्यास बालपणाच्या भूमिकेपाशी थांबवू नये. ती कोणाच्या कुटुंबाचा आधार होती, तिला कोणते नाव दिले गेले आणि तिचे स्वतःचे शब्द कोठे जतन झाले, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत. मराठवाड्यातील अभ्यासकांना हेच प्रश्न तमाशाच्या फडांविषयी विचारता येतील. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेसारख्या ठिकाणी फडाबरोबर हिंडत वाढलेल्या कलावती आजही भेटतात. त्यांच्या बालपणाच्या आठवणी त्यांच्याच बोलीत नोंदविणे हे काम आता लांबणीवर टाकण्यासारखे नाही. कमलाबाईंना बोलते करणारा कोणी त्यांच्या नव्वदीत भेटला. प्रत्येकीस तसा भेटेलच असे नाही.