बिब्ब्याची मात्रा व औषधी बाडांतील पथ्याची ओळ

जुन्या घरांतून संशोधकांच्या हातीं येणाऱ्या बाडांत स्तोत्रें, वंशावळी व देण्याघेण्याच्या याद्या यांच्या जोडीनें औषधांच्या कृतीही टिपलेल्या असतात, हें वाचकांस विदित आहेच. इतिहासाच्या साधनांत या कृतींस सहसा मानाचें स्थान मिळत नाहीं. सनदा, निवाडे व पत्रें निवडून झालीं म्हणजे उरलेल्या पानांवर ‘वैद्यक, किरकोळ’ असा शेरा मारून तीं बांधून ठेवण्याची वहिवाट आहे. वेळ थोडा व दप्तरें फार, तेव्हां ही वहिवाट समजण्यासारखी आहे. परंतु तिच्यामुळें जें नुकसान होतें तें केवळ इतिहासाचें होतें असें नाहीं. प्रस्तुत लेखांत सूज व दुखणें यांवरील एकाच घरगुती द्रव्याच्या, म्हणजे बिब्ब्याच्या, आधारानें हें दाखविण्याचें योजिलें आहे.

बिब्बा पाहण्यासाठीं पोथी उघडावी लागत नाहीं. शनिवारीं बुधवार पेठेंतून अप्पा बळवंत चौकाकडून तुळशीबागेकडे चालत गेलें असतां दुकानांच्या दारांवर लिंबू व हिरव्या मिरच्या ओवलेल्या दिसतात, आणि त्यांच्याबरोबर तो काळा कुळकुळीत दाणा लोंबत असतो. त्याच ओळींत औषधांचीं दुकानें आहेत. तेथें गुडघेदुखी व पाठदुखी यांवर चंदेरी पत्र्यांत बंद केलेल्या गोळ्या मिळतात. एक द्रव्य दृष्ट काढण्यापुरतें दाराबाहेर राहिलें व त्याची जागा दुसऱ्यानें आंत घेतली. औरंगजेबाच्या अमदानींत मुहियाबाद म्हणविणाऱ्या, पुढें नाना फडणविसांची बेलबाग व तुळशीबागवाल्यांचें राममंदिर यांनीं नांवाजलेल्या या पेठेंत १८४८ सालीं भिडे वाड्यांत मुलींची शाळा भरली, आणि आजचें पुणें नगर वाचन मंदिर म्हणजे पूर्वीची नेटिव्ह जनरल लायब्ररी, तीही त्याच सालची. १८७९ सालीं येथील बुधवार वाडा आगींत जळाला, याची आठवण पुणेंकरांनीं अजून ठेवली आहे. अग्नीनें नेलेलें सर्वांस दिसतें. नकलकारानें गाळलेली एक ओळ मात्र कोणाच्याच ध्यानीं येत नाहीं.

बिब्ब्याच्या संस्कृत नांवांतच त्याची बरीच हकीकत आहे. भल्लातक हें नांव सर्वांत रूढ. अरुष्कर म्हणजे व्रण करणारा. अग्निमुखी व अग्निक यांचा अर्थ सांगावयास नको. भावप्रकाशाच्या निघंटुभागांत शोफकृत्, म्हणजे सूज आणणारा, असेंही एक नांव आहे. ज्या द्रव्याची योजना वातानें धरलेल्या, सुजलेल्या सांध्यांवर करावयाची, त्यासच सूज आणणारा म्हणावें हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें. परंतु ग्रंथकारांनीं गुण एका पानावर व दोष दुसऱ्या पानावर अशी वांटणी केलीच नाहीं. दुकानांत जाऊन द्रव्याचें नांव उच्चारतांच इशारा मिळावा अशी ही सोय आहे. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनीं याच फळास सेमेकार्पस हें नांव दिलें, तें ग्रीक भाषेंतील ‘खूण’ व ‘फळ’ या शब्दांवरून. कारण आपल्याकडील परीट त्याच्या रसानें कपड्यांवर खुणा करीत. ती खूण धुतल्यानें जात नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर व कमरेवर जेथें जेथें परटाची खूण टेके तेथें तेथें फोड उठले, आणि १९४३ सालीं त्यांच्या वैद्यकीय नियतकालिकांत त्यावर लेख आला. तत्पूर्वी १९३१ सालीं पिल्ले व सिद्दिकी या रसायनज्ञांनीं बिब्ब्याच्या तेलांतील दाहक अंश वेगळा करून त्यास भिलावनॉल हें नांव दिलें होतें. अमेरिकेंतील विषारी आयव्ही नांवाच्या वेलींतील विष याच्याच गोत्रांतलें आहे.

मराठी बोलीनें हें सर्व आपल्या रीतीनें नोंदून ठेवलें आहे. बिब्बा ‘उततो’, म्हणजे तेल लागलेल्या जागीं फोड येऊन ते पसरत जातात. चालत्या कामांत बिब्बा घालणें हा वाक्प्रचारही बहुधा या पसरण्यावरूनच आला असावा. याच फळांतील मगज म्हणजे गोडंबी. तो निर्दोष व पौष्टिक असून बाळंतिणीच्या लाडवांत पडतो, मात्र तो फोडून काढणाऱ्या वऱ्हाडांतील बायकांचे हात उततात. पुण्याजवळील बिबवेवाडीचें नांव या झाडाशीं जोडण्याचा मोह अनेकांस होतो. बिबवे हें आडनांवही असल्यामुळें झाडावरून गांव, गांवावरून आडनांव कीं आडनांवावरून वाडी, याचा निर्णय लेखी पुराव्यावांचून करूं नये असें आमचें मत आहे.

आतां मुख्य विषय. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत, रसायनाच्या पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत भल्लातकाचा प्रयोग सांगितला आहे. यादवजी त्रिकमजी यांनीं शोधून निर्णयसागरानें १९४१ सालीं छापलेली प्रत बहुतेक संग्राहकांजवळ असेल. त्यांनीं तो भाग काढून पाहावा. त्याचा आशय असा कीं, फळें कीड न लागलेलीं, पूर्ण रस भरलेलीं, पिकल्या जांभळाच्या रंगाचीं अशीं उन्हाळ्यांत गोळा करावीं, जवांच्या किंवा उडदांच्या राशींत चार महिने पुरून ठेवावीं, आणि थंडी पडल्यावर प्रयोगास आरंभ करावा. घेणाऱ्याचें शरीर आधीं थंड, स्निग्ध व मधुर आहारानें तयार झालेलें असावें. काढा पिण्यापूर्वीं तोंड आंतून तुपानें माखावें. काढा दुधाबरोबर घ्यावा. आरंभ दहा फळांनीं, रोज एकेक वाढवीत तीसपर्यंत, आणि तेथून तसेंच उतरत खालीं. तीसच्या पुढें वाढ नाहीं, असें ग्रंथकार स्पष्ट बजावतो. सबंध प्रयोगांत मिळून हजार ही मर्यादा. औषध जिरल्यावर तूप, दूध व भात. आणि प्रयोग संपल्यावर त्याच्या दुप्पट काळ दुधाचाच उपचार.

आम्हीं हिशेब करून पाहिला. दहापासून तीसपर्यंत चढतांना ४२० फळें होतात. एकोणतीसपासून दहापर्यंत उतरतांना ३९०. एकूण ८१० फळें व ४१ दिवस. म्हणजे सरळ चढउतारानें प्रयोग हजारांच्या आंत राहतो, आणि पुढें ८२ दिवस दुधावर काढावयाचे. एकेचाळीस दिवसांच्या औषधास ब्याऐंशी दिवसांचें पथ्य! या विधानांत औषधाची कृती किती व मर्यादा किती हें मोजूं लागल्यास मर्यादेचेंच पारडें जड भरतें. रोजची कमाल मात्रा, एकूण कमाल मात्रा, ऋतु, पूर्वतयारी, अन्न, विश्रांतीचा काळ, हें सारें त्यांत आहे. पुढील रसग्रंथांनीं शोधनाची भर घातली: विटेच्या चुऱ्यांत घोळून तेल शोषून घेणें, गोमूत्रांत व गाईच्या दुधांत संस्कार करणें. येथें हें ऐतिहासिक माहिती म्हणून दिलें आहे. त्यावरून घरीं कोणी प्रयोग करूं नये. औषधांविषयींच्या १९४० च्या कायद्याखालील नियमांत विषारी द्रव्यांची जी अनुसूची आहे तींत वत्सनाभ, धत्तूर, गुंज यांच्याबरोबर भल्लातकाचेंही नांव आहे, आणि असें द्रव्य पोटांत घेण्याच्या औषधांत असल्यास वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावें असा इशारा वेष्टनावर छापणें बंधनकारक आहे.

शास्त्रांतून घरांत येतांना या विधानाचें काय होतें? बिब्बा सुईला टोंचून समईच्या ज्योतीवर धरावा व गळणारा थेंब दुधांत घ्यावा. लचकलेल्या पायावर किंवा धरलेल्या सांध्यावर त्याचे ठिपके द्यावे. ही घरगुती चाल जुन्या माणसांस ठाऊक आहे. त्यांत दूध राहिलें, तूप कधीं राहिलें कधीं गेलें, आणि कोणास देऊं नये, किती दिवसांनीं थांबावें, हें बहुधा गेलेंच. घरांतल्या आजीला तें पाठ असे, म्हणून लिहिण्याची गरज भासली नसावी. आजी गेली आणि कृती तेवढी बाडांत उरली. अशी कृती कोणी जशीच्या तशी छापून काढली तर ग्रंथाचा अर्धाच भाग, तोही धोक्याचा, वाचकाच्या हातीं जातो.

दाराच्या आंतल्या गोळ्यांची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. जर्मनींतील बायर कंपनीनें १८९९ सालीं अ‍ॅस्पिरिन बाजारांत आणलें. इंग्लंडांत १९६९ पासून आयब्युप्रोफेन मिळूं लागलें. डायक्लोफेनॅक त्यानंतर कांहीं वर्षांनीं आलें. या औषधांनीं सूज कां उतरते हें जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखविलें व १९८२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. शरीरांत प्रोस्टाग्लॅंडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात, त्यांना हीं औषधें अडवितात. तींच द्रव्यें सूज व वेदना वाढवितात आणि तींच जठराच्या अस्तराचें रक्षण करतात व मूत्रपिंडांस रक्ताचा पुरवठा राखतात. म्हणून गुण व दोष येथेंही एकाच मुळापासून निघतात. अरुष्कर व शोफकृत् या नांवांची येथें आठवण होते. यावरून आजचें रसायन प्राचीनांस ठाऊक होतें असा निष्कर्ष मात्र कोणी काढूं नये. त्यांनीं परिणाम पाहिले व मर्यादा घातली, एवढेंच म्हणतां येतें.

या गोळ्यांचें पथ्य आज निश्चित झालेलें आहे, पण घरोघर तें बिब्ब्याच्या पथ्याप्रमाणेंच गळून पडूं लागलें आहे. वैद्याच्या सल्ल्यावांचून प्रौढ माणसानें आयब्युप्रोफेन दिवसांत १२०० मिलिग्रॅमपेक्षां अधिक घेऊं नये, आणि तेंही थोडेच दिवस. डायक्लोफेनॅक डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळावयाचें औषध असून त्याची दिवसाची कमाल मात्रा सामान्यतः १५० मिलिग्रॅम आहे. हृद्रोग्यांस तें देऊं नये असें युरोपांतील नियामकांनीं २०१३ सालीं ठरविलें. निरनिराळ्या नांवांच्या दोन गोळ्या एकाच जातीच्या असूं शकतात, त्या एकदम घेणें फार घातक. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारीं औषधें, गरोदरपणाचे उत्तरार्धांतील महिने, यांत डॉक्टरला विचारल्यावांचून गोळी तोंडांत टाकूं नये. पावसाळ्यांत पुण्यांत डेंग्यूची सांथ येते. तापाचें निदान होण्यापूर्वीं अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यास रक्तस्राव वाढण्याचें भय असतें. पोटांत अन्न असतां गोळी घेतल्यानें जळजळ कमी होते खरी. तथापि औषध रक्तांतूनही जठरावर परिणाम करीत असल्यामुळें जेवल्यानें व्रणाचा धोका टळतो असें समजूं नये. चरकाच्या तुपाची येथें बरोबरी होत नाहीं. काळी डांबरासारखी शौचास झाली किंवा ओकारींत रक्त दिसलें तर गोळी बंद करून ताबडतोब रुग्णालय गांठावें.

आतां संग्राहकांच्या कामाचें थोडें. आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा हें कोष्टक सर्वपरिचित आहे. तोळ्याचें वजन प्रांतोप्रांतीं भिन्न होतें; कंपनी सरकारनें १८३३ सालीं १८० ग्रेनचा तोळा ठरविला, त्या मापानें गुंज सुमारें १२१ मिलिग्रॅम व मासा एक ग्रॅमाहून किंचित् कमी येतो. या मापांत पाहूं गेल्यास डायक्लोफेनॅकची दिवसाची मर्यादा सव्वा गुंज होते, आणि आयब्युप्रोफेनची वर सांगितलेली मर्यादा सव्वा मासा. योगायोगच हा, पण बोधक आहे. गुंजेच्या जागीं मासा वाचला कीं मात्रा आठपट झाली. मोडींत पावाची खूण म्हणून उभी रेघ येते. बालबोधांत नक्कल करणाऱ्यानें ती विरामाची रेघ समजून सोडली तर सव्वाचा एक होतो, आणि दोन रेघा सोडल्या तर दीडाचा एक. याच्या उलट विरामाचा दंड पाव म्हणून वाचला जाण्याचाही संभव आहे. हिशेबाच्या कागदांत अशी चूक ताळेबंदानें उघडकीस येते. औषधाच्या कागदास ताळेबंद नसतो.

यास्तव आमची सूचना अशी कीं, औषधी बाडाची नोंद करतांना ‘वैद्यक, किरकोळ’ एवढ्यावर न थांबतां द्रव्याचें नांव, माप जसें लिहिलें असेल तसें मूळ खुणेसह, अनुपान, आणि पथ्याची ओळ आहे कीं नाहीं, हीं चार तरी खानीं भरावीं. पथ्याची ओळ नसल्यास ती नाहीं असें स्पष्ट लिहावें. कारण ती मुळांतच नव्हती, कीं समासांत होती व बांधणीच्या वेळीं कापली गेली, हें पुढें दुसरी प्रत मिळाल्यावर ताडून पाहतां येतें. समास छाटून बांधणी करण्याची हौस आवरावी. बुधवारांतील व रविवारांतील बाजारांत काष्ठौषधी विकणारे जुने दुकानदार अद्याप आहेत; बाडांतलें एखादें नांव लागत नसेल तर कोश उघडण्याआधीं त्यांना विचारावें, आणि ते ज्या नांवानें तें द्रव्य ओळखतात तें नांवही त्याच नोंदींत, निराळ्या शाईनें, लिहून ठेवावें.