‘संप’ या शब्दाचे मुलूख

मराठी माणसाला ‘संप’ म्हटले की बंद पडलेली गिरणी आठवते, फाटकावरचे पोलीस आठवतात आणि पगाराविना गेलेला महिना आठवतो. हाच शब्द गुजरातीत ऐका. तेथे त्याचा अर्थ एकोपा. ‘संप त्यां जंप’ अशी तिकडे म्हण आहे, म्हणजे एकी तेथे स्वस्थता. मराठी कानाला ती एखाद्या युनियनची घोषणाच वाटावी! सांगलीच्या हळदीच्या पेठेत एक वयस्क गुजराती व्यापारी आपल्या मुलांना ‘संपीने रहेजो’ असे बजावीत असताना आम्ही ऐकले आहे. बाहेर पोती उचलणारे हमाल गालातल्या गालात हसत होते. शेटजी घरच्यांनाच संपावर बसवतात की काय, असे त्यांना वाटले.

बंगळूरला तर घराच्या अंगणात जमिनीखाली पाण्याचा हौद असतो, त्याला ‘संप’ म्हणतात. हा इंग्रजीतून आलेला शब्द, मूळ अर्थ दलदल. साताऱ्याच्या कारखान्यांत यंत्राखाली तेल साठते ती टाकीही संपच. ‘संप साफ करा’ असे फळ्यावर वाचून नवा कामगार दचकला तर नवल नाही.

असो. आमचे काम पहिल्या दोन अर्थांशी आहे. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी ३५ टक्के वाढीसाठी गांधीजींच्या नेतृत्वाखाली काम बंद केले. मालकांच्या बाजूस अंबालाल साराभाई, कामगारांच्या बाजूस त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. मराठी माणूस या लढ्याला संप म्हणेल. गुजराती म्हणेल ‘हडताळ’, म्हणजे हाटाला ताळे, बाजाराला कुलूप. पण मार्च महिन्यात उपासमारीने कामगार डळमळू लागले, तेव्हा गांधीजींनी उपोषण आरंभिले ते मालकांना नमविण्याहूनही कामगारांची शपथ टिकविण्यासाठी. गुजराती अर्थाचा संप सुटू लागला होता, तो सांधावयाचा होता. इंग्रजांचा ‘स्ट्राइक’ १७६८ साली लंडनच्या खलाशांनी जहाजांची शिडे उतरविली त्यावरून रूढ झाला. त्या शब्दात काम थांबविणे आहे. माणसे एकत्र कशी राहिली हे त्यात कोठेच नाही.

आमच्या मुलखाने मात्र दोन्ही अर्थ एकाच वेळी जगून दाखविले. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. पगार थांबताच सातारा-रत्नागिरीकडची पुष्कळ माणसे गावी परतली. तेथे भाऊबंदांनी आपल्या कणगीतला दाणा त्यांच्यापुढे ठेवला. सहा महिने संप चालला त्याचे श्रेय पुढाऱ्यांना मिळाले, आणि ते मिळावेही. पण गावाकडच्या भावजयीने थापलेल्या भाकरीची नोंद कोणत्या अहवालात आहे? पुढे १९३३ पासून अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले, ते सहा वर्षे. तेथे गिरणी नव्हती, भोंगा नव्हता. शेजाऱ्याने टाकलेले शेत आपण करावयास घ्यावयाचे नाही, एवढ्या एका निश्चयावर तो संप उभा होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. पुन्हा पाटण-जावळीच्या गाड्या भरल्या. पण या खेपेस घरोघरी जमिनीच्या वाटण्या होऊन वाटेकरी वाढले होते आणि गावचे घर मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालत होते. जो पैसे धाडीत असे तोच दारात येऊन बसला. मग भावाभावांत जे व्हावयाचे ते झाले. घरातला संप मोडला, त्याच्या पाठोपाठ गिरणीतला विरत गेला. तो मागे घेतल्याचे रीतसर कोणी कधी जाहीर केले नाही.

त्या वेळची माणसे पाटण-जावळीच्या गावांत अजून भेटतात. मुंबई केव्हा सोडलीत असे विचारले तर ती साल सांगत नाहीत. ‘संपात’ एवढेच म्हणतात.