तीन पेडांचा दोर

इंग्लंडचा नौसेनानी जॉर्ज अॅन्सन १७४० साली पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. त्याच्या ताफ्यातील खलाशांचा खरा संहार शत्रूच्या तोफांनी केला नाही, तो स्कर्व्ही नामक रोगाने केला. त्या सफरीच्या वृत्तान्तात एका वृद्ध खलाशाची हकीकत नमूद आहे. १६९० सालच्या बॉइनच्या लढाईत त्याला झालेल्या जखमा कधीच भरून आल्या होत्या. स्कर्व्ही जडताच, पन्नास वर्षांनंतर, त्या पुनश्च उघडल्या. एकवार सांधलेले त्याचे हाडही पुन्हा निखळले.

हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस ती खलाशी लोकांची थाप वाटली. परंतु ती थाप नव्हे. शरीर पेशींचे बनलेले आहे, हे आपण शाळेत घोकतो. त्या पेशी ज्यात रुतून बसलेल्या असतात, त्या द्रव्याची मात्र कोणी वास्तपुस्त करीत नाही. पेशी ते स्वतःच निर्माण करतात आणि आपल्या भोवती पसरतात. कातडी, कूर्चा, कंडरा, हाड यांचे बळ मुख्यत्वे त्या पेशीबाह्य द्रव्याचे, आणि त्यातील मुख्य धागा म्हणजे कोलॅजन हे प्रथिन. जखमेचा व्रण याच धाग्याचा विणलेला असतो. तो एकदाच विणून संपत नाही. जुना झिजतो, नवा घातला जातो. क जीवनसत्त्व नसेल तर नवा धागा ठिसूळ निघतो, आणि पन्नास वर्षांचा व्रणही उसवतो.

या धाग्याची घडण कशी असते, याचा उलगडा करण्याच्या कामी आपल्या देशातील एका विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. ती कथा मद्रासची, म्हणजे आजच्या चेन्नईची. एर्नाकुलम येथे जन्मलेले, बंगळूरला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली तयार झालेले आणि केंब्रिजहून परतलेले गो. ना. रामचंद्रन १९५२ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, मद्रास विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्याच सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले असता कोलॅजनचा विषय निघाला. अमेरिकेत लायनस पॉलिंग यांनी १९५१ साली त्याची एक रचना सुचविली होती. ती पटण्यासारखी नव्हती. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी तो प्रश्न हाती घेतला. क्ष-किरणांची चित्रे घेण्यासाठी त्यांनी वापरलेला एक पदार्थ ऐकून वाचकांस गंमत वाटेल: कांगारूच्या शेपटीतील कंडरा!

चित्रावरून रचना ओळखणे म्हणजे पडद्यावरील सावलीवरून माणूस ओळखण्यासारखे आहे. त्यांना धागा सापडला तो रसायनशास्त्रात. कोलॅजनमधील सुमारे एकतृतीयांश अमिनो आम्ले एकाच जातीची, ग्लायसीनची, असतात, आणि ग्लायसीन हे त्या कुळातील सर्वांत लहान. दर तिसरी जागा लहानग्याचीच का? तीन साखळ्या एकत्र वळलेल्या असतील, तर मधल्या अरुंद जागेत लहान घटकच मावेल. मोठे बाहेर राहतील. १९५४ च्या ऑगस्टमध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी तीन साखळ्यांची ही रचना मांडली. सप्टेंबर १९५५ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती दिली: प्रत्येक साखळी स्वतःभोवती डावीकडे पिळलेली, आणि तिन्ही मिळून एकमेकींभोवती उजवीकडे. कोणी हिला तिपेडी वेणी म्हणतात, ते आम्हांस मान्य नाही. वेणीत पेड एकमेकांस ओलांडून जातात. इथे ते वळले जातात. हा दोर आहे. पेडाचा पीळ एका बाजूचा आणि दोराचा त्याच्या उलट, म्हणजे ओढ बसताच दोर उकलत नाही, हे काथ्या वळणाऱ्यास कोणी सांगावे लागत नाही.

इथवर आनंदीआनंद. पण नोव्हेंबर १९५५ मध्ये त्याच 'नेचर'मध्ये अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांचा लेख आला. तीन साखळ्यांचा दोर त्यांनाही मान्य होता. मात्र मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फारच जवळ येतात, असा त्यांचा आक्षेप होता. मद्रासकरांनी दर तीन घटकांमागे दोन हायड्रोजन बंध कल्पिले होते. यांनी एकच ठेवला. ज्यांचा जन्म आवक-जावकच्या नोंदवह्यांत चालला आहे, त्या आमच्यासारख्यांची नजर प्रथम तारखांवर जाते, आणि तारखा मद्रासच्या बाजूने आहेत. तथापि तारखांनी अणूंमधील अंतर वाढत नाही. रामचंद्रन यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही, अशी हळहळ आपल्याकडे वारंवार व्यक्त होते. त्या हळहळीत आम्हीही सामील आहोत. परंतु त्या नादात आक्षेप खोटा होता असे कोणी म्हणू लागले, तर त्यास आमची संमती नाही.

रामचंद्रन यांनी या आक्षेपाचे जे केले, ते आम्हांस मूळ शोधाहूनही थोर वाटते. दोन अणू किती जवळ येऊ शकतात? तोवर ज्ञात असलेल्या स्फटिकरचना धुंडाळून त्यांनी त्या अंतरांच्या मर्यादा ठरविल्या. मग सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह, प्रथिनाच्या साखळीतील प्रत्येक सांध्याचे दोन कोन घेऊन, कोणत्या जोड्या शक्य आणि कोणत्या अशक्य, हे गणिताने काढले. १९६३ साली प्रसिद्ध झालेला हा नकाशा 'रामचंद्रन आलेख' या नावाने ओळखला जातो. प्रश्न कोलॅजनचा होता. उत्तर साऱ्या प्रथिनांना लागू पडले.

१९९४ साली कोलॅजनसदृश एका लहान रेणूच्या स्फटिकाची रचना बारकाईने उलगडली. दर तीन घटकांमागे थेट बंध एकच निघाला. रिच आणि क्रिक त्या बाबतीत बरोबर ठरले. पण दोराभोवती पाण्याचे रेणूही दिसले, आणि ते साखळ्यांमध्ये पुलासारखे जोडलेले होते. दुसरा बंध पाण्याच्या रेणूमार्फत जुळत असावा, असे रामचंद्रन यांनी १९६८ सालीच एका सहकाऱ्यासह लिहून ठेवले होते.

पेशी या जाळ्याला हात कसा घालते, हे पुढचे प्रकरण. तिच्या आवरणातून आरपार जाणाऱ्या, बाहेरचे जाळे आतल्या सांगाड्याशी जोडणाऱ्या प्रथिनांना १९८६ साली इंटेग्रिन हे नाव मिळाले. रामचंद्रन २००१ च्या एप्रिलमध्ये चेन्नईत वारले. आजही कोठल्याही प्रयोगशाळेत नव्या प्रथिनाची रचना तयार झाली की ती तपासताना तिचे कोन त्यांच्या आलेखावर मांडून पाहतात.