वस्ताद कशी घडते?

मैत्रिणींनो, आपल्या चिखलदऱ्याचं नाव कीचकावरून पडलं असं सांगतात. द्रौपदीला छळणाऱ्या कीचकाला भीमानं कुस्तीत मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून हा कीचकदरा. गोष्टीत भीम धावून आला. आम्हाला वाटतं, आपल्या लेकींना स्वतःच लढता यावं. त्यासाठी शिकवणारी बाई हवी.

शिकवणारा कसा तयार होतो, ते घाट उतरून अमरावतीला गेलं की कळतं. तिथे १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या भावांनी आखाडा काढला. त्याचंच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं आपले देशी खेळ तिथे करून दाखवले. नंतर शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालयही निघालं.

आखाड्यात कुणी एका दिवसात वस्ताद होत नाही. आधी लाठी, मल्लखांब, कुस्ती अंगात मुरवायची. हात बसला की वस्ताद धाकट्यांची रांग सोपवतात. दुसऱ्याचं चुकलेलं पाऊल ओळखता आलं, पडणाऱ्याला सावरता आलं, की शिकवणं जमू लागतं.

जुने आखाडे पुरुषांचे होते, त्यामुळे आम्ही बायका या वाटेवर उशिरा आलो. आज प्रमाणपत्र मिळतं, ते हवंच. पण मुलीला कराटे किंवा लाठीच्या वर्गाला घालताना एवढं विचारू या: तुम्ही कोणाच्या हाताखाली शिकलात? किती वर्षं शिकवता? आणि आपली लेक तयार झाली, की धाकट्या मुलींची रांग तिच्याकडे सोपवायला सांगू या.