गुलछडी खानदेशात आली कुठून?

आजचा भाग एका कंदाच्या इतिहासाचा. गुलछडी, म्हणजेच निशिगंध. आमच्या जळगाव-धुळ्याकडे लग्नाचा हार, देवाची माळ, अंगणातली तुळशीशेजारची जागा, सगळीकडे हे फूल इतकं ठरलेलं आहे की ते बाहेरचं असेल अशी शंकाही येत नाही. नावसुद्धा संस्कृत. पण कालिदासाला हे फूल माहीत असणं शक्यच नव्हतं. त्याचं मूळ घर मेक्सिको. कोलंबस 1492 मध्ये अमेरिकेला पोहोचला, त्याआधी आशियात याचा एकही कंद नव्हता.

मेक्सिकोतले नाहुआ लोक याला ओमिशोचित्ल म्हणत, म्हणजे हाडाचं फूल. ती पांढरीफट्ट, मेणचट पाकळी आठवा, नाव लगेच पटेल. 16व्या शतकाच्या अखेरीस हा कंद स्पेनमध्ये होता. रम्फिअस नावाचा निसर्गअभ्यासक इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर राहायचा, 1702 मध्ये वारला. त्यानं याला लॅटिनमध्ये 'अमिका नॉक्टुर्ना' म्हटलंय, रात्रीची मैत्रीण. म्हणजे तोवर फूल आशियात पक्कं रुजलं होतं.

आता नावांकडे बघू, कारण खरा पुरावा तिथे आहे. मराठीतलं जुनं रूप गुलछबू, मूळ फारसी 'गुल-ए-शब-बू', रात्री वास येणारं फूल. पण इराणमध्ये आजही शब-बू म्हटलं की वेगळंच फूल समजतात. निशिगंधाला तिथे 'गुल-ए-मरियम' म्हणतात. म्हणजे नव्या पाहुण्याला आपण एका जुन्या फुलाचं नाव चिकटवलं. म्हणून जुन्या फारसी मजकुरात 'शब्बू' दिसला की तो निशिगंधच, असं धरून चालत नाही. गुलछडीत फारसी गुल आणि आपली छडी. निशिगंध आणि रजनीगंधा ही संस्कृत वळणाची नावं. फूल एक, पण हाक मारणारे किती वेगवेगळे!

खानदेशात ते कुठून आलं असेल? नकाशा बघा. 17व्या शतकात सुरतेच्या बंदरातून बुऱ्हाणपूरला जाणारा हमरस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा तापीच्या खोऱ्यातूनच जायचा. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याच वाटेनं गेला. कापड, नीळ, शिपाई, व्यापारी, सगळ्यांची वर्दळ. सुके कंद महिनोन्‌महिने टिकतात, पोत्यात कुठेही मावतात. माझा अंदाज याच वाटेवर आहे. दुसरी शक्यता दक्षिणेकडून, कोकण किनाऱ्यावरून घाट चढून.

अजून एक गंमत. 2017 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी निशिगंधाला अगेव्ह या वंशात हलवलं, नाव ठेवलं 'अगेव्ह अमिका', रम्फिअसची तीच मैत्रीण. अगेव्ह म्हणजे आपल्या बांधावरचं काटेरी घायपात! तेही मेक्सिकोचंच. आणि भरतात घालतो ती हिरवी मिरची, दसऱ्याचा झेंडू, तेही तिकडचेच. 'आपलं' म्हणजे काय, हे भांडण करायच्या आधी एकदा स्वयंपाकघरात आणि अंगणात डोकवावं.

पण मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हे झाड फक्त लागवडीतच माहीत आहे, रानात नाही. आणि घरोघरी ते बियांपासून नाही, कंदाला फुटलेल्या पिल्लांपासून वाढतं. म्हणजे तुमच्या कुंडीतला कंद ही कुणीतरी कुणाला तरी दिलेल्या कंदाची तंतोतंत कॉपी आहे. माझ्या भाषेत सांगायचं तर कोड शाबूत, कमिट हिस्टरी गायब. दप्तरात गढी, वतन, महसूल सापडतो. शेजारणीनं पदरातून नेलेले चार कंद कोण लिहून ठेवणार? अंगणात फरशी बसली की ही साखळी तिथेच तुटते. चोपडा तालुक्यात आजीच्या अंगणात काँक्रीट होणार होतं, तेव्हा मी अकरा कंद पुण्याच्या बाल्कनीत आणले. आजीला ते कुणी दिले, हे विचारायला आता आजी नाही.

लावायचे असतील तर थोडक्यात सांगतो. वास हवा असेल तर सिंगल, म्हणजे एकेरी पाकळीचा घ्या; डबल फुलदाणीत छान दिसतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'फुले रजनी' हा एकेरीच वाण आहे. एप्रिल-मेमध्ये कंद चार-पाच सेंटिमीटर खोल लावा. आपल्या काळ्या मातीत पाणी साचलं की कंद कुजतो, म्हणून वाळू आणि शेणखत मिसळा. साधारण तीन महिन्यांनी दांडा येतो. दोन-तीन वर्षांनी गड्डा उकरून पिल्लं वेगळी करा.

आणि त्यातली चार कुणाला तरी द्या. देताना कुठून आले तेही सांगा. जमलं तर कागदावर लिहूनच द्या. भेटू पुढच्या भागात.