सीईटीचा पर्सेंटाइल आणि फार्मसीतले यश: आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

दरवर्षी सीईटीचा निकाल लागला की वस्त्यांमधून एकच प्रश्न येतो: "एवढ्या पर्सेंटाइलवर फार्मसी झेपेल का?" राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्यांना तर हा प्रश्न टोमण्यासारखा ऐकवला जातो. म्हणून प्रवेशाच्या निकषांवरून पुढच्या यशाचा अंदाज कितपत बांधता येतो, हे आपण नीट समजून घेऊ.

निकष कोणते?

महाराष्ट्रात बी.फार्म.चे प्रवेश मुख्यतः एमएचटी-सीईटीवर होतात, तर डी.फार्म.चे बारावी विज्ञानाच्या गुणांवर. डी.फार्म. झालेल्यांना बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट असते. बी.फार्म.साठी बारावीला किमान ४५ टक्के गुण लागतात, राज्यातील मागासवर्गीयांना ४० टक्के.

सीईटीत सुमारे ८० टक्के भर बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर असतो. पीसीबी गटात २०० पैकी १०० गुण जीवशास्त्राचे, तर पीसीएम गटात १०० गुण गणिताचे. आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ७० पर्सेंटाइलचा अर्थ एवढाच, की परीक्षा देणाऱ्यांपैकी ७० टक्के तुमच्या बरोबरीने किंवा मागे आहेत. तुम्हाला किती येते, हे त्यातून कळत नाही.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेत फार्मसी प्रवेशासाठी पीकॅट नावाची परीक्षा होती. नेथन कुन्सेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र तपासले. आधीच्या शिक्षणातील गुण आणि पीकॅट, दोन्हींचा पुढच्या गुणांशी संबंध दिसला. मात्र पीकॅट जानेवारी २०२४ नंतर बंदच झाली. म्हणजे निकष निरर्थक नसतात, पण अटळही नसतात.

समाजशास्त्राच्या नजरेतून आणखी एक गोष्ट दिसते. अशा अभ्यासांत फक्त प्रवेश मिळालेल्यांचीच नोंद असते. यादीबाहेर राहिलेल्यांना संधी मिळाली असती तर त्यांनी काय केले असते, हे कुणी मोजत नाही. शिवाय गुणांमध्ये बुद्धीबरोबर क्लासची फी, घरातली अभ्यासाची जागा आणि शाळेतली प्रयोगशाळाही मिसळलेली असते.

बाबासाहेब १९०७ मध्ये मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. पुढे बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली, १९१५ मध्ये कोलंबियाची एम.ए. आणि १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी. झाली. एका असामान्य माणसावरून नियम काढता येत नाही. पण एका परीक्षेचा आकडा माणसाची मर्यादा ठरवत नाही, हे त्यातून नक्की दिसते.

खरी कसोटी पहिल्या वर्षात

पहिल्या सत्रात शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, औषधी विश्लेषण आणि असेंद्रिय रसायनशास्त्र एकदम समोर येतात, तेही इंग्रजीतून. मराठी माध्यमातून आलेल्यांना विषयाआधी भाषाच अडते. बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्यांसाठी रेमेडियल बायोलॉजी आणि गणित न घेतलेल्यांसाठी रेमेडियल मॅथेमॅटिक्स अभ्यासक्रमातच आहे. तो कमीपणा नाही, आपला हक्काचा आधार आहे.

फार्मसी कौन्सिलच्या नियमानुसार उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के गुण आणि परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते. पहिल्या दोन सत्रांचे सर्व विषय सुटल्याशिवाय पाचव्या सत्रात जाता येत नाही. वर्ष वाया जाते ते बहुधा इथेच. त्यामुळे दुसऱ्या वर्षी जागे होऊन उपयोग नसतो.

आपण काय करू शकतो?

- प्रवेशाआधीच जातवैधता प्रमाणपत्र आणि महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीची कागदपत्रे तयार ठेवा.
- विहारात किंवा वाचनालयात सीनियर विद्यार्थ्यांची पहिल्या सत्रापासून अभ्यासिका सुरू करा.
- बॅकलॉग लपवू नका. कोणता विषय राहिला ते सीनियरला लगेच सांगा.
- पार्टटाइम काम करणाऱ्यांनी उपस्थितीचा हिशेब दर महिन्याला तपासावा.

पर्सेंटाइल आपण कुठून निघालो ते सांगतो. कुठे पोहोचायचे, ते पहिल्या दोन सत्रांतली मेहनत आणि पाठीशी उभा राहिलेला समाज ठरवतो. "शिका" नंतर "संघटित व्हा" येते, ते याचसाठी.

जय भीम!